फास्टिंग म्हणजे उपाशी, उपवास नव्हे

नमस्कार श्रोतेहो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे दोन-चार शब्द आज समजून घेऊ. सुरुवात माझ्या आत्यापासून करते.

आत्या वाईला असते. वय 68. लॅबमधला मुलगा तिला म्हणाला, "आजी, उद्या सकाळी फास्टिंगला या." तिनं शेजारी विचारलं, तर फास्टिंग म्हणजे उपवास असं कळलं. झालं! आत्यानं रात्रीच साबुदाणा भिजत घातला. सकाळी तूप-जिऱ्याची फोडणी, बटाट्याच्या फोडी, दाण्याचं कूट. खिचडी खाऊन, वर गोड चहा घेऊन रक्त देऊन आली. साखर निघाली 186.

साबुदाणा पोटात गेला की त्याची भराभर साखरच होते. 

आत्या रात्रभर जागी. दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले. डॉक्टर गोळी लिहायला वाकले आणि थांबले. खालचा आकडा जुळेना. एचबीएवनसी फक्त 5.8. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, एका सकाळच्या खिचडीनं ती हलत नाही.

"आजी, सकाळी काही खाल्लं होतं?"

"छे हो, उपवास होता."

"मग उपवासाला काय केलं होतं?"

आत्या फोडणीपर्यंत आली, तोवर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं होतं.

चार दिवसांनी खरंच उपाशीपोटी रक्त दिलं. 108. शंभराच्या आत हवी, 126 पासून मधुमेह धरतात. म्हणजे आत्या काठावर. गोळी टळली, रोजचं चालणं लागलं.

तर फास्टिंग म्हणजे उपाशी. निदान आठ तास पाण्याशिवाय काही नाही. चहा नाही, फराळ नाही. "रात्री दहानंतर फक्त पाणी" एवढी ओळ लॅबनं मराठीत छापून द्यायलाच हवी. आणि पीपी म्हणजे जेवणानंतरची साखर. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नव्हे.

आता गोळ्यांचं. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा. आणि एसओएस लिहिलेली गोळी रोज घ्यायची नसते. गरज पडली तरच. पुन्हा सांगते, एसओएस म्हणजे गरज पडली तरच.

नमस्कार.