एक कॉलनी, एकच जीवाणू

(परळ. आचार्य दोंदे मार्गावरची जुनी दगडी इमारत.)

एके काळी इथे मुंबईच्या गव्हर्नरांचं निवासस्थान होतं. १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा इथे आली आणि १९२५ पासून तिला प्लेगची लस शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांचं नाव आहे. हाफकिन प्लेगचे जंतू मांसाच्या अर्कात वाढवायचे. अर्कावर तुपाचे थेंब तरंगत असायचे आणि त्यांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबायची. फ्लास्क हलवला की ती तळाशी बसायची, पुन्हा नवी धरायची.

१९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण पुढे धनुर्वाताने दगावले. ठपका या प्रयोगशाळेवर आला. बाटली गावात उघडताना दूषित झाली होती. हाफकिन यांच्यावरचा आरोप दूर व्हायला मात्र १९०७ साल उजाडलं.

आज सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या हाताला आधी हेच वळण लावलं जातं: हवा तोच जंतू, दुसरा एकही नको.

(दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हचा काटा.)

एक लिटर न्यूट्रिएंट आगरला (जंतू वाढवायचं जेलीसारखं माध्यम) ५ ग्रॅम पेप्टोन (पचवलेलं प्रथिन), ३ ग्रॅम बीफ एक्स्ट्रॅक्ट, ५ ग्रॅम मीठ, १५ ग्रॅम आगर. मग ऑटोक्लेव्ह: १५ पौंड दाब, १२१ अंश, १५ मिनिटं. नवशिके इथेच फसतात. काटा १५ वर आला म्हणजे आत १२१ अंश झालेच, असं नाही. आत निम्मी हवा अडकली असेल, तर त्याच दाबाला तापमान ११२ अंशांच्या आसपासच राहतं आणि चिवट बीजाणू (जंतूंचं उष्णता सोसणारं सुप्त रूप) जिवंत सुटतात. म्हणून व्हॉल्व्ह उघडा ठेवून वाफ सलग, जोरात बाहेर येऊ द्यायची आणि मगच तो बंद करायचा.

आगर ५० अंशांच्या खाली उतरलं की प्लेट, म्हणजे झाकणाची चपटी बशी, ओतायची. जास्त गरम ओतलं तर झाकणाला पाणी सुटतं. मुंबईच्या पावसाळ्यात ही ओल हटता हटत नाही, आणि ओल्या प्लेटवर कॉलन्या (एकेका जंतूपासून वाढलेले ठिपके) पसरून एकमेकींत मिसळतात. लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात) झाकण किंचित सरकवून प्लेट सुकवली, की हा त्रास वाचतो.

(बर्नर. लालबुंद लूप, म्हणजे टोकाला कडं असलेली तार.)

आता स्ट्रीकिंग, म्हणजे रेघा ओढत जंतू विरळ करत नेणं. लूप लाल होईपर्यंत तापवायचा आणि आगरच्या मोकळ्या कडेला टेकवून थंड करायचा. घाई केली तर जंतू लूपवरच मरतात. पहिल्या भागात नमुना दाट ओढायचा. लूप पुन्हा जाळायचा. पहिल्या भागाच्या टोकातून दोन-तीनच रेघा दुसऱ्या भागात न्यायच्या, मग तिसऱ्या, मग चौथ्या. दर वेळी लूप जाळणं चुकलं, तर चौथ्या भागातही गर्दीच दिसते. लूप आडवा, हलका धरायचा. टोचला तर आगर फाटतं.

प्लेट उलटी ठेवून ३७ अंशांवर २४ तास. चौथ्या भागात सुटी, गोल कॉलनी दिसली तरी विश्वास ठेवायचा नाही: तीच उचलून नव्या प्लेटवर पुन्हा ओढायची. मग ग्रॅम स्टेन (जांभळ्या राहणाऱ्या ग्रॅम पॉझिटिव्ह आणि गुलाबी दिसणाऱ्या ग्रॅम निगेटिव्ह पेशी ओळखायची रंगचाचणी), तोही ताज्या वाढीचा. जुन्या वाढीतल्या ग्रॅम पॉझिटिव्ह पेशी जांभळा रंग सोडतात आणि गुलाबी दिसून चकवतात.

सगळ्या पेशी एकाच रंगाच्या, एकाच आकाराच्या दिसल्या, की ती वाढ गोठताना पेशी जपणाऱ्या २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर जाते. नळीवर स्ट्रेनचं (जंतूच्या वाणाचं) नाव, तारीख आणि माध्यम. पुढचा प्रत्येक प्रयोग याच नळीतून सुरू होतो.