गवती चहाचं तेल: थेंबांचा हिशोब

मंडळी, गवती चहा आपल्याकडे परसात, कुंडीत कुठेही वाढतो. दोन पाती तोडून आल्याच्या तुकड्यासोबत चहात टाकली तर त्यात भीतीचं काहीच नाही. तेलाची गोष्ट मात्र वेगळी. १०० किलो ओलं गवत वाफेवर धरलं तर हाती जेमतेम अर्धा किलो तेल येतं, बऱ्याचदा त्याहूनही कमी. त्यात ७० ते ८० टक्के असतं सिट्राल. लिंबासारखा वास येतो तो या सिट्रालमुळेच.

केरळात याची मोठी शेती होई आणि कोचीन बंदरातून तेल बाहेर जाई, म्हणून व्यापारात त्याला ‘कोचीन तेल’ म्हणत. साबण, अत्तरं आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा कारखाना, सगळीकडे सिट्राल लागतं.

हेच सिट्राल कातडीला त्रास देतं. नुसतं तेल लावलं तर आग होते, ती तरी ओसरते. पण एकदा का ॲलर्जी बसली, की बहुधा कायमची. मग साबणातल्या, क्रीममधल्या जराशा सिट्रालनेही पुरळ उठतं. ‘नैसर्गिक आहे, कितीही लावा’ असं सांगून ही बाटली विकली जाते, त्याचा मला मनापासून राग येतो.

अंगाला लावायच्या मिश्रणात हे तेल ०.७ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नये. म्हणजे १०० मिलि खोबरेल किंवा तिळाच्या तेलात ०.७ मिलि. एका मिलिचे साधारण २० थेंब धरले तर हे झाले १४ थेंब. ३० मिलिच्या बाटलीत चारच. ड्रॉपरप्रमाणे थेंब लहानमोठा होतो, म्हणून मी बिनसुईची सिरिंज वापरते. सोबत लव्हेंडर छान जमतं. मे चांगसारखं दुसरं सिट्रालचं तेल घातलंत, तर दोन्हींचा हिशोब एकत्र करा. तयार मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा.

उन्हाचं विचारतात. सालीतून दाबून काढलेलं लिंबाचं किंवा बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाचं तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजते, काळे डाग पडतात. गवती चहाच्या तेलाला तो दोष नाही.

फरशीसाठी बादलीत थेंब टाकलेत तर ते पाण्यावर तरंगत राहतात. आधी द्रवसाबणात घोळवा, मग पाणी ओता. आंघोळीच्या पाण्यात तर नकोच. तरंगणारं तेल जसंच्या तसं अंगाला चिकटतं.

बाटली काचेची, गडद रंगाची, घट्ट बुचाची हवी आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. एखाद्या मुलाने तेल प्यायलंच तर उलटी करवू नका. ते फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.