आरशातली चांदणी

(दृश्य: पेन्सिल धरलेला हात, अगदी जवळून. पेन्सिल थरथरते, पुढे सरकत नाही.)

हा हात रोज लिहितो, भाकरी थापतो, दिवाळीच्या सुटीत कापूस वेचतो. आत्ता मात्र त्याला चांदणीची एक बाजू गिरवता येत नाहीये.

अमळनेर. मानसशास्त्राचं प्रात्यक्षिक चालू आहे. टेबलावर कागद, त्यावर दुहेरी रेषेची पंचकोनी चांदणी. हात दिसू नये म्हणून वर पत्र्याचा आडोसा आणि समोर उभा आरसा. आरशात बघूनच दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. रेषेला शिवली की एक चूक. वेळ स्टॉपवॉचवर.

जरा नीट बघा. आडवी रेघ या मुलीला सहज जमते. तिरप्या रेघेवर आली की हात अडतो. आरसा समोर उभा असल्यामुळे डावं-उजवं जसंच्या तसं राहतं, उलटतं ते जवळचं आणि लांबचं. तिरप्या रेघेत दोन्ही दिशा एकत्र येतात. अर्धी खबर खरी, अर्धी उलटी. डोळा म्हणतो पुढे, हाताला जायचं असतं मागे.

इथवर ही गंमत आहे. तिचा प्रयोग कसा होतो, ते पुढे.

(दृश्य: स्टीलच्या डब्यात घड्या केलेल्या चिठ्ठ्या.)

प्रश्न असा : उजव्या हाताने सराव केला, तर डाव्या हातालाही त्यातलं काही येतं का? आधी सगळ्यांनी डाव्या हाताने एकदा चांदणी काढली. मग चिठ्ठ्या टाकल्या. कोण कुठल्या गटात जाणार हे सरांनी ठरवायचं नाही, मैत्रिणींनीही नाही, चिठ्ठी ठरवणार. एका गटाने उजव्या हाताने पुन्हा पुन्हा सराव केला. दुसरा गट तेवढा वेळ बाकावर पेपर वाचत बसला. शेवटी दोन्ही गटांनी परत डावा हात वापरला.

पेपर वाचणारी मुलं कॅमेऱ्यात रिकामी बसलेली दिसतात, पण प्रयोगाचा सगळा भार त्यांच्यावर आहे. डावा हात सुधारला तो उजव्याच्या सरावामुळे, की दुसरी खेप म्हणूनच? हा नियंत्रित गट नसेल, तर ते कधीच कळणार नाही.

आता हा आवाज ऐका. "आरसामा देखीसन रेघ ओढ. हातकडे देखू नको."

प्रयोगकर्ती मुलगी पारोळ्याकडची, समोरची प्रयुक्त, म्हणजे जिच्यावर प्रयोग होतोय ती, तीही तिकडचीच. सूचना अहिराणीत दिली की समोरचीचे खांदे सैल पडतात, ते चित्रात दिसतंच. मात्र एकीला अहिराणीत समजावून सांगायचं आणि दुसरीला पुस्तकी मराठीत वाचून दाखवायचं, असं केलं तर फरक सरावाचा की सूचनेचा? म्हणून त्यांनी अहिराणी सूचना कागदावर लिहून काढली आणि सगळ्यांना तीच, तशीच वाचून दाखवली. कुठल्याही मोठ्या प्रयोगशाळेत याहून वेगळं काही करत नाहीत.

(दृश्य: मेंदूचं प्लास्टरचं मॉडेल. एकेक भाग सुटा होतो.)

उजवा हात चालवतो मेंदूचा डावा गोलार्ध, डावा हात उजवा गोलार्ध. दोघांच्या मधला हा पांढरा पट्टा म्हणजे कॉर्पस कॅलोसम. त्यातून सुमारे २० कोटी तंतू इकडची खबर तिकडे नेतात. मागे खाली लहान मेंदू. हालचाल कुठे चुकली ते ताडून तो पुढची सुधारतो. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यातल्या निम्म्याहून जास्त या एवढ्याशा लहान मेंदूत.

हीच चांदणी एका माणसाने काढली होती. हेन्री मोलायसन, अमेरिकेतला. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाचा, बराचसा तुकडा काढला. झटके कमी झाले, पण नवं काही लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्याला आरशासमोर बसवलं, तीन दिवस. चुका दिवसागणिक घटत गेल्या. आणि दर दिवशी त्याला वाटे, हे आपण आजच पहिल्यांदा करतोय. हाताला आलेलं आणि आठवणीत राहिलेलं, यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत, हे या कागदांवरून कळलं. असल्या कागदांवरून.

आणि हे शहर. श्रीमंत प्रताप शेठांचं तत्त्वज्ञान मंदिर, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था, इथे १९१६ साली उभं राहिलं. त्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठात एन. एन. सेनगुप्ता यांच्याकडे प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. मनाचा विचार अमळनेरला नवा नाही. तो मोजून बघायला साधन हवं. एका वर्गाला आरसा एकच आहे. बाकीच्यांचे आकडे मागल्या वर्षीच्या जर्नलमधून, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वहीतून, उतरतात, आणि गुणही तेवढेच पडतात.

(दृश्य: दोघी मुली, मध्ये कागद.)

काय तपासलं, का तपासलं, हे शेवटी प्रयुक्ताला सांगायचं असतं. जिला सराव मिळाला नव्हता, तिला हे सांगून झाल्यावर ती विचारते, आता मला उजव्या हाताने काढू द्याल का. दिली. हे आकडे निष्कर्षात धरायचे नाहीत, असं वहीत पेनाने लिहून ठेवलंय.