एका चिपवर एफएम रेडिओ: खरी मेहनत कुठे घ्यायची

नमस्कार. आज आपण टीईए५७६७ या ट्यूनर चिपवर, म्हणजे स्टेशन पकडणाऱ्या चिपवर, चालणारा साधा एफएम रेडिओ तयार करणार आहोत. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात लाइन गेली की थोड्याच वेळात मोबाइलची रेंजही जाते; अशा वेळी आकाशवाणीवरचा हवामानाचा अंदाज ऐकण्यासाठी घरात रेडिओ असलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

पूर्वीच्या एफएम रेडिओत आलेला सिग्नल १०.७ मेगाहर्ट्झवर आणला जात असे आणि त्यासाठीच्या कॉइल पेचकसाने जुळवताना नवशिक्या माणसाची दमछाक होई. ही चिप तो सिग्नल थेट २२५ किलोहर्ट्झपर्यंत खाली उतरवते. त्यामुळे नको असलेले सिग्नल गाळणारा फिल्टर चिपच्या आतच मावतो आणि जुळवण्यासारखे काही उरत नाही.

आता ही चिप बसवलेली छोटी पट्टी, म्हणजे मॉड्यूल, जवळून पाहा. याच्या पिनांमधील अंतर २ मिलिमीटर असल्यामुळे ते नेहमीच्या ब्रेडबोर्डवर (डाग न देता जोडणी करायच्या छिद्रांच्या पाटीवर) बसत नाही. म्हणून मी पिनांना बारीक तारा डाग देऊन जोडल्या आहेत. दोन तारा वीजपुरवठ्याच्या आहेत, तर एसडीए (माहितीची) आणि एससीएल (ताल देणारी) या दोन तारा आर्डुइनो नॅनोच्या, म्हणजे चिपला आज्ञा पाठवणाऱ्या छोट्या बोर्डाच्या, अनुक्रमे ए४ आणि ए५ या पिनांकडे जातात.

चिपला स्टेशन सांगायचे म्हणजे आर्डुइनोतून एक आकडा पाठवायचा. समजा १०० मेगाहर्ट्झ हवे आहे. त्यात ०.२२५ (वरचे २२५ किलोहर्ट्झ) मिळवून ४ ने गुणावे, आलेल्या मेगाहर्ट्झचे हर्ट्झ करावेत आणि त्यांना ३२,७६८ ने भागावे, कारण मॉड्यूलवरील क्रिस्टल (चिपला ठरावीक ठोके देणारा स्फटिक) तेवढ्या हर्ट्झचा आहे. अपूर्णांक सोडला की उत्तर १२,२३४ येते. ते ४७ आणि २०२ अशा दोन बाइटमध्ये (० ते २५५ मधल्या आकड्यांत; ४७ × २५६ + २०२) विभागून पाठवावे. पुढचे तीन बाइट १७६, १६ आणि ० असे ठेवावेत. शेवटच्या शून्यामुळे भारतात वापरली जाणारी ५० मायक्रोसेकंदांची डी-एम्फसिस (प्रसारणात मुद्दाम वाढवलेले उंच स्वर परत खाली आणणे) मिळते आणि आवाज मूळ प्रसारणाशी जुळतो.

चिपमधून येणारा आवाज स्पीकर वाजवण्याइतका जोरकस नसतो, त्यामुळे पुढे पीएएम८४०३ हा छोटा अ‍ॅम्प्लिफायर लावावा. वीजपुरवठ्यासाठी मात्र स्वस्त मोबाइल चार्जर वापरू नका, कारण त्याची गुणगुण थेट स्पीकरमध्ये उतरते. बॅटरीवर आवाज स्वच्छ येतो आणि लाइन गेल्यावरही रेडिओ चालू राहतो.

सर्वांत जास्त वेळ अँटेनाला द्या. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ मीटर असते आणि तिचा चौथा हिस्सा, म्हणजे ७५ सेंटिमीटर लांबीची तार आपल्याला पुरते. टिनपत्र्यांच्या घरात ही लहर नीट शिरत नाही. म्हणून तार खिडकीबाहेर, बांबूवर जमेल तितकी उंच बांधावी आणि उभी व आडवी अशी दोन्ही प्रकारे धरून पाहावी. मृगाच्या पावसाआधी आपल्याकडे विजा फार पडतात. आभाळ भरून येताच बाहेर न जाता, वीज कडाडण्यापूर्वीच, बाहेरची तार मॉड्यूलपासून सोडवून ठेवावी आणि तेवढ्यापुरती आतली तार लावून रेडिओ ऐकावा.