हात न लावता

(काळोख. मधोमध भट्टीच्या तोंडाचा केशरी गोल. आवाज फक्त आगीच्या घरघरीचा.)

काचेच्या फुलदाणीखाली चिठ्ठी असते : 'हाताने बनवलेली'. ते खोटं नाही. पण गंमत अशी, की ती घडत होती तेव्हा तिला एकदाही कुणाचा हात लागला नव्हता. लागणं शक्यच नव्हतं. समोरच्या या गोलात जे तळपतंय ते १,१०० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. कुंभाराला मातीत बोटं रुतवता येतात, सुताराला रंधा मारून झाल्यावर तळवा फिरवून पाहता येतो. काच फुंकणाऱ्याच्या नशिबी यातलं काही नाही. त्याला सगळं करायचं ते तीन हात लांबून.

(कारागीर नळी भट्टीत घालतो आणि फिरवत फिरवत बाहेर काढतो.)

ही फुंकणी. चुलीतला जाळ फुलवणाऱ्या फुंकणीची ही थोरली बहीण, पोलादी आणि पोकळ. टोक वितळलेल्या काचेत टेकवून फिरवलं, की काच त्याभोवती गुंडाळली जाते, बरणीतला घट्ट मध काडीवर घ्यावा तशी. बाहेर काढल्यावरही फिरवणं थांबत नाही. जरा थांबलात, की गोळा ओघळून जमिनीकडे निघालाच. पुढे वीस मिनिटं लागोत की दोन तास, फुंकणी फिरतच राहणार. शिकाऊ मंडळींचे सुरुवातीचे कित्येक दिवस एवढ्यातच जातात. त्यात बघण्यासारखं फारसं नाही, म्हणून आपण पुढे जाऊ.

(कारागीर फुंकणीला तोंड लावतो. अंगठ्याचा जवळून शॉट.)

आता फुंकर. गाल फुगवून, जीव खाऊन फुंकत असतील असं आपल्याला वाटतं. हा बघा. जेमतेम एक फुंकर मारली आणि लगेच अंगठ्याने नळीचं तोंड दाबून धरलं. काहीच झालं नाही. थांबा.

(दोन-तीन सेकंद शांतता.)

दिसला? आत कोंडलेली हवा तापली, फुगली आणि गोळ्याच्या पोटात बुडबुडा धरला. फुंकर त्याची, पण ढकलण्याचं काम उष्णतेनं केलं.

ही युक्ती माणसाला फार उशिरा सुचली. काचेची भांडी त्याआधी हजार-दीड हजार वर्षं बनत होती. मातीचा गाभा करायचा, त्यावर वितळलेली काच चढवायची आणि निवल्यावर आतला गाभा खरवडून काढायचा. एवढ्या खटाटोपातून हाती यायची इवलीशी अत्तराची कुपी, राजाराणीला परवडेल अशी. मग इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यालगत, कुणीतरी नळीतून फुंकून पाहिलं. जेरुसलेमच्या उत्खननात एका जुन्या कारखान्याचा कचरा सापडला. त्यात काचेच्याच नळ्या आहेत आणि काहींची टोकं फुगवलेली आहेत. म्हणजे सुरुवातीची फुंकणीसुद्धा काचेचीच असावी. शंभरएक वर्षांत रोमन साम्राज्यात पेले-बाटल्या साध्या घरांतही पोहोचल्या.

(गोळा पोलादी पाटावर लोळवला जातो. ठिणगी नाही, आवाज नाही.)

काच म्हणजे मुळात वाळू, सुमारे सत्तर टक्के. नुसती वाळू वितळवायची तर १,७०० अंश हवेत. सोडा घातला की ती बऱ्याच कमी तापमानाला नमते, पण अशी काच पाण्यात विरघळते. म्हणून चुना. वाळू, सोडा, चुना. दोन हजार वर्षांत कृती फारशी बदललेली नाही.

रंगासाठी चिमूटभर धातू पुरतो. कोबाल्टने निळा, मँगनीजने जांभळा, सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांनी माणकासारखा लाल. पण आत्ता, या क्षणी, ही काच कोणत्या रंगाची आहे ते सांगा बरं? नाही सांगता येणार. तापलेली असताना सगळी काच केशरीच दिसते. म्हणजे कारागिराला स्पर्श नाही आणि खरा रंगही दिसत नाही. ती निवल्यावर कशी दिसेल, ते त्याला मनातच धरून चालावं लागतं.

(बाकावर बसलेला कारागीर. एका तळव्याने फुंकणी दांड्यांवर मागेपुढे लोळवतोय. दुसऱ्या तळव्यात काळपट ओली घडी.)

आणि हा आजच्या चित्रीकरणातला माझा सगळ्यात आवडता भाग. त्याच्या हातातली वस्तू नीट बघा. ते वर्तमानपत्र आहे. काही पानांची जाड घडी, पाण्यात चिंब भिजवलेली. तो ती तळव्यावर ठेवतो आणि तापलेला गोळा त्यात, अगदी बाळाचं डोकं धरावं तसा, घेतो. कागदातून वाफ उठते आणि त्या वाफेच्या पातळ पापुद्र्यावर काच सरकत राहते. हात आणि काच यांच्यात अंतर उरलं ते बोटभरसुद्धा नाही. गोलाई कुठे चुकली, भिंत कुठे पातळ झाली, कोणती बाजू आधी निवतेय, हे सगळं त्याला त्या ओल्या घडीतून कळतं. फळझाडांच्या लाकडाचे, पाण्यात मुरवलेले खोलगट साचेही असतात. तेही हेच काम करतात. पण कागदातून जे कळतं ते लाकडातून कळत नाही. शिळ्या बातम्यांचा याहून चांगला उपयोग मी तरी पाहिलेला नाही.

(दुसरा कारागीर भरीव सळई घेऊन येतो. कुणी बोलत नाही.)

आतापर्यंत भांड्याची मान फुंकणीला चिकटलेली होती. तोंड उघडायचं तर ते सोडवायला हवं. जोडीदार सळईच्या टोकावर काचेचा एक थेंब घेतो आणि तो भांड्याच्या बुडाला टेकवतो. मानेवर आधीच खाच पाडलेली आहे. तिथे पाण्याचा थेंब, फुंकणीवर हलकी थाप...

(टक्.)

सुटलं. दोघांपैकी एक जण अर्धा सेकंद चुकला असता तर सगळं जमिनीवर असतं.

इटलीतल्या व्हेनिसने १२९१ साली शहरातल्या काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवायला लावल्या. कारण आगीची भीती. पण बेटावर एकत्र बसलेल्या कारागिरांवर लक्ष ठेवणंही सोपं झालं. पुढे त्यांनी परवानगीशिवाय देश सोडणं हा गुन्हा ठरला. पंधराव्या शतकाच्या मध्यावर तिथेच अँजेलो बारोव्हिएरने जवळजवळ बिनरंगी, नितळ काच काढली आणि युरोपभर तिची मागणी सुरू झाली.

या श्वासातून फक्त पेले निघत नव्हते. लंडनचा क्रिस्टल पॅलेस, १८५१ साल, सुमारे ३ लाख तावदानं. त्यातलं प्रत्येक सपाट तावदान आधी तोंडाने फुंकलेलं नळकांडं होतं. दोन्ही टोकं उडवायची, उभी चीर द्यायची आणि पुन्हा तापवून कागदासारखं उलगडायचं.

मग १९०३ साली अमेरिकेत मायकेल ओवेन्सने आपोआप बाटल्या बनवणारं यंत्र आणलं. दहाव्या वर्षापासून काचेच्या कारखान्यात राबलेला हा माणूस. पोरवयात काय भोगलं ते त्याला पुरतं ठाऊक असणार. त्या यंत्राने फुंकणाऱ्यांची रोजीरोटी गेली हेही खरं आणि भट्टीपुढची लहान मुलं कमी झाली हेही खरं.

फुंकणी कारखान्याबाहेर पडली ती १९६२ साली. मातीकाम शिकवणारे हार्वे लिटलटन यांनी अमेरिकेतल्या टोलीडोच्या कलासंग्रहालयाच्या आवारात, एका गॅरेजमध्ये, छोटी भट्टी पेटवली. पहिली काच धड वितळेना. मग काचतज्ज्ञ डॉमिनिक लबिनो यांनी काचतंतू बनवण्याच्या गोट्या वितळवायला सुचवलं आणि काम सुरू झालं. तिथून एकेकट्या कलावंताची भट्टी हा प्रकार जगभर पसरला. २०२३ साली युनेस्कोनेही हाताने काच बनवण्याची ही विद्या मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. प्रस्ताव सहा युरोपीय देशांचा होता.

(तयार फुलदाणी जाड हातमोजे घातलेल्या माणसाच्या हातात. पेटीवजा भट्टीचं दार उघडतं, बंद होतं.)

तयार झाली म्हणून बाहेर ठेवली, असं चालत नाही. बाहेरची कड आधी आकसते, आतली अजून तापलेली असते. त्या ओढाताणीत भांडं रात्री कधीतरी, कुणी जवळही नसताना, आपसूक फुटतं. म्हणून त्याला साधारण ५०० अंशांवर ठेवायचं आणि मग सावकाश, तासन्‌तास उतरवत आणायचं. घाई केली की आजचा दिवस वाया.

(सकाळ. खिडकीतून उजेड. भट्टी बंद, आवाज नाही.)

दार उघडलं. काल केशरी दिसणारी काच आज निळी आहे, तळाशी गडद आणि काठाशी जवळजवळ पाणी. तो हातमोजे घालत नाही. फुलदाणी उचलतो, उलटी करतो आणि बुडाशी, सळई तोडली तिथे राहिलेल्या खरखरीत वणावरून अंगठा फिरवतो.