झिरो सोडा, पुढचा राउंड बघा

[दृश्य: टोकियो डोम, वरून दिसणारी रिंग]

6 मे 2024, टोकियो डोम. 1990 साली याच डोममध्ये बस्टर डग्लसने माईक टायसनला आडवं केलं होतं, त्यानंतर इथे बॉक्सिंग परत आलंय ते तब्बल 34 वर्षांनी, चाळीस हजारांवर लोक आलेत ते सगळे एकाच माणसासाठी, आणि पहिल्याच राउंडमध्ये मेक्सिकोच्या लुईस नेरीचा डावा हुक बसतो आणि तोच माणूस, जपानचा नाओया इनोए, खाली. प्रोफेशनल करिअरमध्ये पहिल्यांदा.

हा शॉट जरा स्लो करून बघू. इनोए गुडघ्यावर आलाय पण उठायची घाई करत नाहीये. रेफरीचा काउंट ऐकतोय, दहा व्हायच्या आत उठलं नाही तर मॅच गेली, पण हा आठ होईपर्यंत तसाच थांबतो आणि मग उभा राहतो. घरच्या पब्लिकसमोर पडलं की ताडकन उठायचं, काही झालंच नाही असं दाखवायचं, आणि पाय अजून लटपटत असताना दुसरा फटका खायचा, हे बॉक्सिंगमध्ये इतक्या वेळा बघितलंय की इनोएचे ते आठ सेकंद मला त्या रात्रीच्या नॉकआउटपेक्षा मोठे वाटतात. आठ सेकंद त्याच्या हक्काचे होते, त्याने ते पूर्ण वापरले. दुसऱ्या राउंडला नेरी खाली, पाचव्यात परत खाली, सहाव्यात खेळ खल्लास.

आज आपण हेच बघणार आहोत की सध्याच्या बॉक्सर्समध्ये खरंच असामान्य कोण, आणि ते ओळखायचं कशावरून.

सगळ्यात आधी बेल्ट आणि रेकॉर्ड बाजूला ठेवा. बेल्ट देणाऱ्या मोठ्या संघटनाच चार आहेत, डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ, आणि वजनगट 17, म्हणजे एका वेळी 68 चॅम्पियनची सोय झालेलीच आहे, वरून अंतरिम आणि काय काय ते वेगळंच. आणि रेकॉर्डमधला तो झिरो, 20-0, 25-0, तो तर पुष्कळदा ऑफिसात बसून बनवलेला असतो. मॅचमेकर नावाचा माणूस असतो, कुठला प्रतिस्पर्धी आपल्या पोराला शोभेल, कोण उतरणीला लागलाय, कोणाची हनुवटी कच्ची आहे म्हणजे कोण फटका लागला की लगेच पडतो, हे त्याला बरोबर माहीत असतं. शुगर रे रॉबिन्सन 19 वेळा हरला, रोबर्टो दुरान 16 वेळा, आणि तरी या दोघांशिवाय महान बॉक्सर्सची यादी पुरी होत नाही. झिरो सांगतो की अजून कोणी हरवलं नाही. कोणाकोणाशी लढला आणि कुठे अडकल्यावर काय केलं, हे तो सांगत नाही.

मी बघतो ते हे, की प्लॅन फसला, मार बसला, समोरचा अपेक्षेपेक्षा भारी निघाला, तर पुढच्या राउंडच्या तीन मिनिटांत हा काय बदलतो. हात की पाय की अंतर, की काहीच नाही.

[दृश्य: सैतामा, नोव्हेंबर 2019]

इनोएचीच आणखी एक मॅच घेऊ, फिलिपाइन्सचा नोनितो डोनेअर, 2019. दुसऱ्या राउंडलाच डोनेअरच्या डाव्या हुकने इनोएची उजवी पापणी फाटली, आणि नंतर कळलं की डोळ्याखालचं हाड मोडलं होतं आणि नाकही. त्याला समोर दोन दोन डोनेअर दिसत होते. आता त्याचा उजवा हात बघा, गार्ड चेहऱ्याच्या जवळ आलाय, उजवा डोळा तो ग्लोव्हने झाकतोय म्हणजे निदान एकच माणूस दिसेल. अशा अवस्थेत दहा राउंड! आणि अकराव्याला त्याचा डावा हात जातो सरळ लिव्हरवर. लिव्हर असतं उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, आणि तिथे बसलेला फटका लगेच कळत नाही, अर्धा सेकंद माणूस ठीकच दिसतो आणि मग शरीर संप पुकारतं, डोकं शाबूत असूनही पाय ऐकत नाहीत. डोनेअर वळून चार पावलं लांब जातो आणि तिथे गुडघ्यावर बसतो. तो उठला, मॅच बारा राउंड चालली आणि निर्णय इनोएच्या बाजूने गेला. अडीच वर्षांनी परत भिडले तेव्हा दोन राउंडमध्ये आटोपलं.

लोक म्हणतील की मग तो 2025 मध्ये लास वेगासला रामोन कार्देनासकडून परत पडला की, म्हणजे हनुवटीचा प्रश्न आहेच. आहे, मान्य. पडला आणि आठव्या राउंडला जिंकला. पण त्यानंतर सप्टेंबरमध्ये नागोयाला तो मुरोदजोन अखमादालियेवशी लढला, उझबेकिस्तानचा हा गडी म्हणजे रिओ ऑलिंपिकचा ब्राँझ मेडलिस्ट, जोरात मारणारा डावखुरा. आणि त्या रात्री इनोएने नॉकआउटचा नादच सोडला. आत शिरायचं, दोन मारायचे, बाहेर. बाराही राउंड हेच, डोकं शांत, पाय चालू, तिन्ही जजेसचे कार्ड मोठ्या फरकाने त्याच्याकडे. ज्याला जग मॉन्स्टर म्हणतं, ज्याच्या नॉकआउटच्या क्लिपवर लाखो व्ह्यूज येतात, तो स्वतःची मोठी ताकद गुंडाळून ठेवून निव्वळ बॉक्सिंग करतो, हे मला डोळ्यावरच्या त्या ग्लोव्हइतकंच ग्रेट वाटतं.

आता हेवीवेट. ओलेक्झांडर उसिक, जन्म क्रायमियातल्या सिम्फेरोपोलचा, पंधराव्या वर्षापर्यंत फुटबॉल खेळणारा, युक्रेनचं लोकनृत्य शिकलेला, आणि ते पायात दिसतं. 2012 ला लंडनमध्ये ऑलिंपिक गोल्ड, 2018 ला क्रूझरवेटचे, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटाचे, चारही बेल्ट, मग वर हेवीवेटमध्ये, जिथे समोरचा प्रत्येक जण त्याच्यापेक्षा दांडगा.

[दृश्य: रियाध, मे 2024, टायसन फ्युरी आणि उसिक समोरासमोर]

ब्रिटनचा फ्युरी 6 फूट 9 इंच, वजनात सुमारे 17 किलोंनी जास्त. आपल्याकडे तेव्हा रविवारची पहाट होती. चौथ्यापासून सातव्यापर्यंतचे राउंड बघताना वाटतं की गेलं हातातून, फ्युरी खालून अपरकट मारतोय, पोटात मारतोय, मध्येच गंमत म्हणून हात पाठीमागे नेतोय. बहुतेक बॉक्सर इथे मागे सरकतात कारण अंगाला तेच बरं वाटतं. उसिक मात्र पुढेच येत राहतो, त्याचा पुढचा पाय फ्युरीच्या पुढच्या पायाच्या बाहेर ठेवायचा प्रयत्न प्रत्येक वेळी, म्हणजे डाव्या हाताची वाट मोकळी. डावखुऱ्या बॉक्सरचं सगळं गणित या एका पावलावर असतं आणि टीव्हीवर आपण हातच बघत बसतो. आठव्याला फ्युरीचं नाक रक्ताळतं आणि नवव्याला तो डावा हात एकदा बसतो, मग परत, मग परत, आणि हा डोंगराएवढा माणूस या दोरावरून त्या दोरावर आपटत जातो, रेफरीला काउंट द्यावा लागतो. निकाल स्प्लिट डिसिजन, म्हणजे दोन जज उसिककडे आणि एक फ्युरीकडे, आणि उसिक लेनॉक्स लुईसनंतर पहिला निर्विवाद हेवीवेट चॅम्पियन, म्हणजे सगळे मोठे बेल्ट एकाच्याच कमरेला. डिसेंबरमध्ये फ्युरी आणखी वजन घेऊन आला, तेव्हा तिन्ही जजेसनी 116-112 दिलं, उसिकलाच.

यात एक अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही, की जो कधी संकटात सापडतच नाही त्याचं काय करायचं? शकूर स्टीव्हनसन, न्यूअर्कचा, रिओचा सिल्व्हर मेडलिस्ट. त्याला फटका लागतच नाही, त्यामुळे लोक कंटाळतात, पळतो म्हणतात. माझंही मत बरीच वर्षं अर्धवटच होतं, म्हणजे कौशल्य अफाट पण ताण पडलेला दिसला नव्हता. मग जुलै 2025 मध्ये न्यूयॉर्कला विल्यम झेपेडा समोर आला, 33 पैकी 33 जिंकलेला, थांबणं माहीत नसलेला, ठोशांचा पाऊस पाडणारा. शकूर पळाला नाही. दोराला टेकून, त्याच्या छातीला छाती लावून लढला आणि आरामात जिंकला. झेपेडाचा सगळ्यात आवडता खेळ त्याने झेपेडापेक्षा चांगला खेळून दाखवला.

आपल्या लोकांबद्दल बोलायचं तर अमॅच्युअरला फक्त तीन राउंड असतात, चूक उमगेपर्यंत मॅच संपते, त्यामुळे तिथली सुधारणा एका मॅचमध्ये नाही तर एका वर्षात शोधावी लागते. जास्मिन लांबोरिया पॅरिस ऑलिंपिकला पहिल्याच मॅचमध्ये बाहेर गेली, आणि सप्टेंबर 2025 ला लिव्हरपूलमध्ये त्याच पॅरिसची सिल्व्हर मेडलिस्ट, पोलंडची युलिया शेरेमेता, हिला फायनलला हरवून वर्ल्ड चॅम्पियन झाली. निखत झरीनची दोन वर्ल्ड गोल्ड आहेतच, 2022 आणि 2023. या दोघींना भारतात मिळायला हवं तेवढं प्रेम मिळत नाही, हे मला मनापासून खटकतं.

ब्रिटनचा तरुण हेवीवेट मोझेस इटाउमा, त्याच्याबद्दल सगळे विचारतात. ऑगस्ट 2025 ला विसाव्या वर्षी त्याने डिलियन व्हाइटला पहिल्याच राउंडमध्ये झोपवलं, हाताचा वेग हेवीवेटचा वाटतच नाही. पण तोपर्यंत हा पोरगा कधी सहा राउंडच्या पुढे गेलेला नव्हता. त्या एका रात्रीवर मी तरी त्याला पुढच्या पिढीचा राजा म्हणणार नाही.

अमेरिकेचा टेरेन्स क्रॉफर्ड या व्हिडिओत नाही, कारण मेक्सिकोच्या कॅनेलो अल्वारेझला हरवून तो 2025 च्या डिसेंबरमध्ये निवृत्त झाला, नाहीतर वरच असता. माझ्या मते आज पहिला उसिक, केसभर खाली इनोए. आणि तिसरा तो, ज्याचं नाव आपल्याकडे फार लोकांना माहीत नाही, टेक्सासच्या सॅन अँटोनियोचा जेसी 'बॅम' रॉड्रिगेझ. 22 वर्षांचा असताना आठवड्याभराच्या नोटिशीवर वरच्या वजनात जाऊन कार्लोस क्वाद्रासला हरवून वर्ल्ड टायटल घेतलं. जून 2024 ला हुआन फ्रान्सिस्को एस्त्रादाने त्याला सहाव्या राउंडला पाडलं, तोही आयुष्यात पहिल्यांदाच पडला होता. सातव्याला बॅमचा डावा हात एस्त्रादाच्या बरगड्यांखाली गेला आणि एस्त्रादा दहाच्या आत उठू शकला नाही. ती पूर्ण मॅच मिळाली तर सहावा आणि सातवा राउंड सलग बघा, मधला मिनिटभराचा ब्रेक न कापता.