बसायला जागा आहे का?

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबई विद्यापीठाच्या कालिना येथील संकुलाभोवती, म्हणजे ज्याला आपण विद्यानगरी म्हणतो त्या परिसरात, गेल्या काही वर्षांत खाण्यापिण्याची बरीच नवी ठिकाणे उघडली आहेत आणि त्यांच्याविषयी आज बोलायचे आहे. मिसळ कोणाकडे झणझणीत मिळते आणि मोमो कोणाकडे मऊ असतात, याची यादी ऐकायच्या तयारीने आपण बसला असाल, तर मात्र आपली निराशा होईल. चवीचे निवाडे विद्यार्थी आपसांत रोज करत असतात आणि दर आठवड्याला ते फिरवतही असतात. मी ही ठिकाणे पाहिली ती एकच प्रश्न मनात धरून: खिशात शंभर रुपये असलेल्या मुलाला किंवा मुलीला तिथे किती वेळ बसू देतात?

हा प्रश्न मला पडतो, कारण १९९० च्या दशकात मी याच संकुलात एम. ए. करत होतो. तास संपले तरी पाय घराकडे वळत नसत, कारण घरी एका खोलीत सहा माणसे होती आणि त्यांच्यात पुस्तक उघडून बसणे म्हणजे सगळ्यांची अडचण करणे होते. जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात वाचता येई, पण बोलता येत नसे. आणि आमचा निम्मा अभ्यास एकमेकांना समजावून सांगण्यातच व्हायचा. तो व्हायचा उपाहारगृहाच्या बाकावर, कटिंग चहाच्या पेल्याभोवती. मुंबईतल्या विद्यार्थ्याला हॉटेलात जेवण हवे असते हे खरे, पण त्याहून अधिक त्याला टेबल हवे असते.

फोर्टातल्या विद्यार्थ्यांना हे टेबल पूर्वापार मिळत आले होते. विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला, आणि त्या परिसरातल्या महाविद्यालयांभोवती पुढे इराण्यांची हॉटेले उभी राहिली. धोबी तलावाचे कयानी १९०४ पासूनचे आहे आणि आजही चालू आहे. जहांगीर कलादालनातले समोवार १९६४ मध्ये सुरू झाले आणि २०१५ मध्ये बंद पडले; तिथे चित्रकार, विद्यार्थी आणि बेकार असे तिघेही एकाच बिलावर बसत. आपण या आठवणी काढताना जुन्या मालकांच्या दिलदारपणाचे गोडवे गातो. तो दिलदारपणा खोटा नव्हता, परंतु त्याच्या पाठीशी एक साधा हिशेबही होता. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली जुनी भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली होती, आणि त्यामुळे जुन्या पागडीच्या, म्हणजे एकदाच ठोक रक्कम देऊन नाममात्र भाड्यावर घेतलेल्या, जागेत बसलेल्या मालकाला दर खुर्चीमागे दर तासाला अमुक इतके सुटलेच पाहिजे अशी घाई नव्हती. एका बन-मस्क्यावर दोन तास काढणारा गिऱ्हाईक त्याला परवडत होता. तो मस्का काही अंशी कायद्यानेच लावलेला होता, असे म्हटले तरी चालेल.

सगळीच जुनी हॉटेले अशी निवांत होती असेही नाही. माटुंग्याला रुईया, पोदार आणि व्हीजेटीआयच्या मुलांच्या कित्येक पिढ्या ज्यांनी पोसल्या, त्या उडुपी खानावळींत जेवण पोटभर मिळे, पण पान उचलले की उठावे लागे, कारण पाठीमागे पुढचा माणूस खुर्चीला हात लावून उभा असे. रामा नायक यांचे १९४२ सालचे श्रीकृष्ण बोर्डिंग हे त्याचे ठळक उदाहरण. हॉटेलच्या धंद्यात याला टेबल फिरणे म्हणतात. टेबल जितक्या वेळा फिरेल तितका ताटाचा भाव खाली ठेवता येतो, हे गणित तेव्हाही होते आणि आजही आहे.

कालिन्याला यांतले काहीच नव्हते. हे मूळचे कोळेकल्याण, ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचे गाव. शेजारी वाकोला, लष्कराची छावणी आणि विमानतळ. संकुलाजवळून जाणाऱ्या सीएसटी रोडचे नाव ऐकून नव्या विद्यार्थ्याला वाटते की हा रस्ता बोरीबंदरला जातो. प्रत्यक्षात ते नाव सेंट्रल साल्सेट ट्रामवेचे आहे. ट्रॉम्ब्याहून अंधेरीकडे जाणारी ती गाडी १९२८ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंदही पडली. रूळ गेले, नाव राहिले. आमच्या वेळी या रस्त्यावर मोटारींचे सुटे भाग पाहिजे तितके मिळत, इडली मात्र शोधावी लागे. आत विद्यापीठाचे उपाहारगृह, फाटकाबाहेर एक-दोन टपऱ्या, आणि बरे काही खायचे तर सांताक्रूझ स्टेशनपर्यंत पायपीट, एवढाच आमचा नकाशा होता.

तो नकाशा बदलला वांद्रे-कुर्ला संकुलामुळे, म्हणजे बीकेसीमुळे. कचेऱ्यांचे ते नगर विद्यापीठाच्या कुंपणाला जवळजवळ टेकले आणि दुपारी एक ते अडीच या वेळात गळ्यात ओळखपत्र लटकवलेली नोकरदार मंडळी वाकोला-कालिन्याच्या बाजूला जेवण शोधू लागली. मग २०१४ मध्ये सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता खुला झाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो आरे ते बीकेसी धावू लागली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पोहोचली. ये-जा वाढली, तशी रस्त्याकडेच्या गाळ्यांची भाडी वाढली, आणि त्या भाड्याचे प्रतिबिंब आज प्रत्येक नव्या दुकानाच्या दरपत्रकात पाहता येते.

या नव्या ठिकाणांत सर्वांत आधी डोळ्यांत भरतात ती काचेच्या दर्शनी भागाची कॅफे. आत वातानुकूलन, भिंतीवर कुंड्या, खुर्च्या मऊ, आणि कॉफी दोनशेच्या पुढे. विद्यार्थी तिथे जातात ते चौघांत मिळून, एक कॉफी आणि बटाट्याच्या काड्यांची एक बशी मागवून, आणि लॅपटॉपच्या प्लगजवळची जागा पटकावून. एका ठिकाणी मी पाहिले की इंटरनेटचा परवलीचा शब्द बिलावर छापून येतो आणि तासाभराने तो चालेनासा होतो. उठा असे कोणी तोंडाने म्हणत नाही. काम यंत्राने केले. मला याचा राग आला होता, परंतु मालकाशी बोलल्यावर तो ओसरला. दर वर्षी वाढणाऱ्या भाड्याच्या करारावर त्याने गाळा घेतलेला आहे. त्याच्या पाठीशी पागडी नाही की १९४० चे भाडे नाही. तो कॉफी विकत नाही, खुर्ची तासाच्या बोलीने विकतो, आणि हे तो स्वतःच मोकळेपणाने सांगतो. अशा ठिकाणी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक लक्षात ठेवावे: बिलात सेवाशुल्क, म्हणजे सर्व्हिस चार्ज, लावलेला असला तरी तो देणे ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तो काढायला सांगताना संकोच वाटू देऊ नये.

मोमो, शोर्मा, फ्रँकी आणि चायनीज भेळ यांचे कट्टे संख्येने सर्वांत जास्त आहेत, पण त्यांच्याविषयी सांगण्यासारखे कमी आहे. तिथे टेबलच नसते, त्यामुळे माझा प्रश्नच निकालात निघतो. उभ्याने खावे, पैसे मोबाइलवरून द्यावेत आणि वाट मोकळी करावी. शेजवान चटणी आता वड्यापासून डोशापर्यंत सर्वत्र शिरली आहे, याबद्दल माझी जी तक्रार आहे ती वयाची समजून सोडून द्यावी. तेलाबद्दलची तक्रार मात्र वयाची नाही. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात जी घातक संयुगे साठतात, त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल वापरू नये, असा नियम जुलै २०१८ पासून आहे. हे प्रमाण गिऱ्हाइकाला मोजता येत नाही, पण कढईतले तेल काळपट आणि दाट झाले असेल, वर फेस टिकून राहत असेल आणि धूर लवकर येत असेल, तर तिथला वडा त्या दिवशी टाळावा. वड्याबरोबरच्या पावाची कहाणी तर वेगळीच चालू आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला, आणि त्यानंतर माझ्या नेहमीच्या गाडीवर वडापाव दोन रुपयांनी वाढला, तेव्हा गाडीवाल्याने बोट दाखवले ते थेट भट्टीकडे.

आणखी एक नवा प्रकार रस्त्यावरून दिसतच नाही. एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावर नुसतेच स्वयंपाकघर असते, पाटी नाही, गिऱ्हाईक नाही, दाराशी फक्त डबे घेऊन जाणारी मुले आणि त्यांच्या दुचाकी. एकाच चुलीवरून बिर्याणी, पंजाबी आणि चायनीज अशी तीन वेगवेगळ्या नावांची हॉटेले मोबाइलवर चालतात. वसतिगृहातल्या मुलांना रात्री उशिरा त्यांचा आधार वाटतो, हे मी नाकारत नाही. मात्र पत्ता काढून तिथे गेलात तर हाच पदार्थ पुष्कळदा स्वस्त मिळतो, कारण मधल्या कंपनीचा वाटा वगळला जातो. अशा ठिकाणाहून मागवताना बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आहे की नाही, तेवढे पाहावे. २०२२ पासून तो बिलावर छापणे बंधनकारक आहे.

मी सर्वांत अधिक वेळा गेलो आणि जात राहीन, ती ठिकाणे म्हणजे पोळी-भाजी केंद्रे. त्यांत नवे काय, असे आपण विचाराल. पोळी-भाजी केंद्र मुंबईला नवे नाही. दादर-गिरगावात ती कित्येक वर्षांपासून आहेत. विद्यानगरीच्या आसपास मात्र ती अलीकडे वाढली आणि त्यांचे गिऱ्हाईक ओळखीचे आहे. मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे; तिकडची मुले-मुली इथे पदव्युत्तर शिक्षणासाठी येतात, वाकोल्याला चौघांत एक खोली घेतात आणि आठवड्याभरातच त्यांना वरण-भाताची आठवण येऊ लागते. वाकोल्याच्या एका गल्लीत दोन जावा मिळून खिडकीएवढे केंद्र चालवतात. सकाळी अकरापर्यंत पोळ्यांची चळत तयार असते, दोन भाज्या, आमटी, भात, बुधवारी आणि शुक्रवारी बांगड्याचे तिखले. तिथे अर्धी भाजी मागता येते. महिनाअखेरीस कोणी पोळ्या चार आणि भाजी अर्धी असे मागितले, की थोरल्या वहिनी भाजीच्या पिशवीला गाठ मारण्यापूर्वी आणखी एक पळी आत सोडतात आणि तोंडाने काही बोलत नाहीत. दुपारी तीननंतर उरलेला भात त्या विकत नाहीत. कोमट राहिलेला भात पोटाला बाधतो, हे त्यांना आईने शिकवले आहे. शिजवलेले गरम अन्न साठ अंशांच्या खाली फार वेळ ठेवू नये, हा अन्नसुरक्षेचा नियम त्यांनी वाचलेला असण्याची शक्यता कमी, पण पाळलेला मात्र आहे.

कालिन्याच्या जुन्या गावठाणातही काही ईस्ट इंडियन घरांतून सणासुदीला बॉटल मसाल्यातले, म्हणजे त्यांच्या खास घरगुती मसाल्यातले, मटण आणि फुगे, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, मागणीनुसार करून मिळतात. ते विद्यार्थ्याच्या रोजच्या खिशाचे काम नाही, पण चार मित्रांनी मिळून वर्षातून एकदा तरी मागवावे, कारण ज्या गावाच्या जमिनीवर आपण शिकतो त्या गावाची चव विद्यापीठाच्या कोणत्याच उपाहारगृहात मिळत नाही.

परंतु खिडकीच्या केंद्रात बसायला जागा नाही. बाहेर प्लॅस्टिकची दोन स्टुले आहेत आणि त्यांवर रिक्षावाले बसतात. पोळी-भाजी घेऊन मुले संकुलात परत येतात आणि रानडे भवनाच्या पायऱ्यांवर किंवा झाडाखाली जेवतात. पावसाळ्यात तेही जमत नाही. म्हणजे स्वस्त अन्न आणि निवांत खुर्ची या दोन गोष्टी आज कालिन्यात दोन निरनिराळ्या दारांत मिळतात, आणि एकाच दारात हव्या असतील तर शोध घ्यावा लागतो.

तसे एक दार मला सापडले आहे. सांताक्रूझ स्टेशनच्या दिशेने जाताना लागणारे ते साधे उडुपी हॉटेल अलीकडेच एका तरुण मालकाने नव्याने सुरू केले. त्याने गल्ल्यामागे हाताने लिहिलेली पाटी लावली आहे: दुपारी साडेतीन ते सहा या वेळात एका चहावर बसून अभ्यास करण्यास हरकत नाही. मी गेलो तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावर तीन मुली कसल्याशा आलेखावर वाद घालत होत्या आणि वेटर त्यांच्या वह्यांच्या कडेने फडके फिरवत होता. नुकसान होत नाही का, असे मी मालकाला विचारले. जेवणाची गर्दी अडीचला संपते, रात्रीची सातला सुरू होते आणि मधल्या वेळात टेबल तसेही फिरत नाही, असे तो म्हणाला. रिकाम्या खुर्चीचे भाडे तो भरतच असतो, तर मग तिच्यावर कोणीतरी बसलेले बरे. शिवाय या मुली सहा वाजता उठताना हमखास डोसा मागवतात. शनिवारी ही सवलत नाही, कारण त्या दिवशी दूरस्थ शिक्षणाचे नोकरदार विद्यार्थी येतात आणि हॉटेल दिवसभर भरलेले असते.